तुम्ही विचारलंत म्हणून: रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर?

नर्सिंग, फिजिओथेरपी, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांच्या शिक्षकांशी मी दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवण्याबद्दल बोलते, तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, सगळं पटतं, पण उद्या रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर?" विचारणाऱ्याला रुग्णाची काळजी असते, म्हणून मी हा प्रश्न कधी टाळत नाही.

रुग्णाच्या जिवाशी तडजोड नाही, हे माझंही म्हणणं आहे. पण सुरक्षिततेच्या नावाखाली आपण जे धरून बसतो, त्यात निम्मी आपली सवय असते. ही सवय मला महागात पडली, त्याहून जास्त माझ्या एका विद्यार्थिनीला. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं होती. ती घातली की स्टेथोस्कोप कानात बसेना, काढली की आवाज येईना. मी तिला तीनदा तेच करायला लावलं आणि रक्तदाबाच्या प्रात्यक्षिकात नापास केलं. आवाज मोठा करणारे, ध्वनीचा आलेख पडद्यावर दाखवणारे स्टेथोस्कोप तेव्हाही मिळत होते. मी शोधलेच नाहीत. माझ्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, 'ध्वनी कानाने ऐकते'. रुग्णाला मात्र हवा असतो अचूक रक्तदाब. पुढच्या वेळी पडद्यावरचा आलेख बघत तिने आकडा सांगितला, तो माझ्या आकड्याशी जुळला.

तेव्हापासून शिक्षकांसोबत बसले की मी कौशल्यांची यादी काढायला सांगते आणि आम्ही फक्त क्रियापदं तपासतो. 'ऐकतो' खोडून 'ओळखतो' चालेल का? 'एकट्याने उचलतो' ऐवजी 'सुरक्षितपणे हलवतो'? कधी चालत नाही, आणि ते मान्य करायला हवं. मोठ्या माणसाचं हृदय बंद पडलं तर छाती किमान 5 सेंटिमीटर दाबली गेलीच पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. इथे कुणासाठी सूट नाही. पण तो दाब प्रत्येकाने स्वतःच्याच हातांनी द्यायला हवा का, की व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने वेळ मोजत, सूचना देत दुसऱ्याकडून तो बरोबर करून घेतला तर चालेल? याचं उत्तर कामागणिक बदलतं. जिथे स्वतःचेच हात लागतात, तिथे ते प्रवेशाआधी लेखी सांगा. वॉर्डात, रुग्णासमोर कुणाला हे पहिल्यांदा कळू नये.

जेकब बोलोटिन जन्मांध होते. 1912 मध्ये शिकागोत त्यांना डॉक्टरकीचा परवाना मिळाला, आणि हृदय व फुप्फुसांच्या रोगांसाठी ते नावाजले. बोटं आणि कान, एवढंच त्यांच्याकडे होतं. त्यांचं नाव मी विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांना जास्त सांगते.

डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचताना अक्षरांचा गोंधळ होण्याचा, विषय निघाला की औषधांच्या नावांची भीती पुढे येते. हायड्रॉक्सिझिन खाज आणि अस्वस्थतेवर, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. इंग्रजीत लिहिलेली ही दोन नावं धडधाकट डोळ्यांनाही फसवतात. म्हणून बऱ्याच रुग्णालयांत नावातला वेगळा भाग कॅपिटल अक्षरांत छापतात. ती सोय कुणा एका विद्यार्थ्यासाठी झालेली नाही, रात्रपाळीत थकलेल्या प्रत्येकासाठी झाली आहे. तुमच्या विद्यार्थ्याला ती वर्गातल्या कागदांवरही द्या, एवढंच.

मास्कमुळे ओठ वाचता येत नसतील तर पारदर्शक मास्क वापरा, नाहीतर महत्त्वाची सूचना लिहून दाखवा. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्याला लघवी तपासायच्या पट्टीचा रंग तोंडी सांगायला लावण्याऐवजी यंत्रावर वाचू द्या.

आणि एक कळकळीने सांगते. "तुला नेमकं झालंय काय?" असं विचारू नका, ते सांगायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. "हे काम तू कसं करशील?" असं विचारा. एकट्याला बोलावून, वॉर्डातल्या कामाच्या पाळीच्या, म्हणजे पोस्टिंगच्या, महिनाभर आधी. त्या देहासोबत तो वर्षानुवर्षं राहिलेला असतो, तुम्हाला न सुचलेल्या दोन युक्त्या त्याच्याकडे तयार असतात. उरलेला महिना त्या युक्त्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत, पुतळ्यावर, तुमच्या देखत घासूनपुसून बघायला पुरतो.