छाटाचा हिशोब

सरकारनं कारखानदारीत ढवळाढवळ करू नये, मजुरी बाजार ठरवेल, असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात, घरी बीड्या वळणाऱ्या बायकांना पान-तंबाखूचं वाटप चालू असताना जाऊन उभं राहावं. बीडीची मजुरी हजार नगांवर असते, पण बाईच्या हातात काय पडणार हे ठरतं पान मोजून देणाऱ्या वजनकाट्यावर आणि छाटात, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या बीड्यांत.

हजार बीड्यांना साधारण 600 ते 700 ग्रॅम तेंदूपान लागतं, तंबाखू पाव किलोच्या आसपास. पान आधी भिजवायचं, ओल्या कापडात गुंडाळून ठेवायचं, मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं. पान जुनं, भोकं पडलेलं किंवा जाड शिरांचं निघालं की कापताना बरंच वाया जातं आणि हजार भरत नाहीत. मग पदरमोड करून पान विकत आणावं लागतं. त्यावर छाट: तोंड नीट मिटलं नाही, भरण सैल झालं, की बीडी बाजूला. समजा, दर हजारी 200 रुपये आहे. 30 रुपयांचं पान विकत आणलं आणि 50 बीड्या छाटात गेल्या, तर हातात येतात 160. कागदावर मात्र दर 200 च.

म्हणून नुसती दरवाढीची मागणी मला अपुरी वाटते. वाढवलेला दर पान कमी देऊन, छाट वाढवून परत काढून घेता येतो. 1966 च्या बीडी कामगार कायद्यानं हे बरोबर हेरलं होतं: कच्चा माल, छाट आणि छाटाची मजुरी यांवरचे वाद सोडवायची तरतूद कलम 39 मध्येच होती. ‘या बायका आमच्या कामगारच नाहीत, घरी बसून वळतात’ हा मालकांचा युक्तिवाद भविष्य निर्वाह निधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली फेटाळला. माल नाकारायचा अधिकार हेच मालकाचं नियंत्रण, असं न्यायालयानं मानलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

कडक नियमांनी धंदा परराज्यात जाईल, ही भीती खोटी नाही. बीडीला यंत्र लागत नाही. सूप, कात्री आणि दोरा कुठंही मिळतो. पण त्यावर उपाय नियम ढिले करणं नव्हे, सगळ्या राज्यांत किमान दर एकच ठेवणं हा आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा श्रमसंहितेत विलीन झाला आहे. आता नियमांत तीन गोष्टी हव्यातच: दिलेल्या पानाचं वजन बाईच्या कार्डावर त्याच वेळी लिहायचं, छाट तिच्यासमोर मोजायची, आणि छाटातली बीडी तिथंच मोडायची, म्हणजे मजुरी न देता ती विकायला मालकाकडे उरणार नाही.