दोन पानांचं पत्र

परवा अखेर पत्र हातात पडलं. दोन पानं, खाली मानसोपचारतज्ज्ञांचा सही-शिक्का: जेंडर डिस्फोरिया (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसल्याचा त्रास) आहे, छातीच्या शस्त्रक्रियेस हरकत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवर रिक्षात बसून मी ते तीनदा वाचलं.

आधीचे डॉक्टर म्हणाले होते, "आईची सही आण, मग बघू." मी २९ वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे, सातपूरला सीएनसी मशीन चालवतो. सज्ञान माणसाची स्वतःची संमती पुरते, हे त्यांना मी सांगायचं? चार महिने गेले त्यात. अजून राग येतो.

हे पत्र देणाऱ्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुला काय नावाने हाक मारू?" मला बोलताच येईना.

लिंगओळख मान्य होण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलंय. माझ्यावरही कुणाची सक्ती नाही. मलाच ती हवी आहे. एप्रिलमध्ये बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालून आठ तासांची शिफ्ट केली की बरगड्यांवर लाल वळ उठतात, खाली घामोळं. आई काही न बोलता खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवते.

सर्जन मुंबईत आहेत. पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. त्याआधी रक्ततपासणी, कारण मी घेतो त्या टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे पुरुषी संप्रेरकाने, हिमोग्लोबिन वाढतं.

आईने पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवलं. म्हणाली, "नंतर वजन उचलायचं नसेल ना? सुट्टीचं आत्ताच बोलून ठेव. मी येतेय सोबत."