गाठ क्षयाची नव्हती
माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला एका बाईंची काढलेली ट्यूब (गर्भनलिका) आली. सोबतच्या कागदावर वय आणि तीनच शब्द: ‘उजवी ट्यूब, क्षय?’. किती दिवसांपासून दुखतंय, पांढरं जातं का, घरात लहान मुलं आहेत का, काहीच नाही. एवढ्याशा कागदासोबत अवयव पाठवायची ही सवय मला अजिबात मान्य नाही.

पहिल्याच स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (शरीराने बांधलेली पेशींची बारीक गाठ) होता, मधोमध मेलेल्या पेशींचा चुरा. असं दिसलं की आमच्या क्षेत्रात पेन आपोआप ‘क्षय’ लिहायला लागतं. पण कडेला इओसिनोफिल पेशींची (जंत किंवा अ‍ॅलर्जी असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) एवढी गर्दी होती की मला ते पटेना. झील-नील्सन रंगात क्षयाचे जंतू दिसले नाहीत; अर्थात तेवढ्यावरून क्षय नाकारता येत नाही. मग ब्लॉक (मेणात बसवलेला अवयवाचा तुकडा) आणखी खोल कापून घेतला. आमच्या तंत्रज्ञाने जराही न कुरकुरता छेदांमागून छेद काढून दिले. अशा कामाची नोंद रिपोर्टमध्ये कुठेच होत नाही.

खालच्या छेदांत अंडी सापडली: लांबट, एका बाजूने चपटी, जेमतेम ५०-६० मायक्रॉनची. शेजारीच जंताचा आडवा छेद. जंत कधीचाच मेलेला, पण अंगाच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेले टोकदार कंगोरे शाबूत होते. ते दिसल्यावर शंका उरली नाही. एन्टेरोबियस! मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणतो तोच, दोऱ्यासारखा पांढरा जंत.

याची मादी रात्री अंडी घालायला गुदद्वाराबाहेर येते. क्वचित ती योनीत शिरते, गर्भाशयातून वर ट्यूबमध्ये जाते, तिथून पोटाच्या पोकळीतही उतरते. वाटेत मेली की शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं.

सर्जनना फोन केला. “अहो, पण स्टूल रिपोर्ट नॉर्मल होता!” असणारच. अंडी विष्ठेत नाही, बाहेरच्या त्वचेवर घातली जातात. सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीआधी तिथे चिकटपट्टी लावून ती काचेवर तपासावी लागते. ही दोन मिनिटांची तपासणी फारसं कोणी सांगतच नाही. बाईंच्या मुलीला रात्री खाज सुटते, हे मी सर्जनना विचारायला सांगितल्यावरच कळलं.

क्षयाची सहा महिन्यांची औषधं थांबली. घरातल्या सगळ्यांना जंतांचं औषध अल्बेंडाझोल, दोन आठवड्यांनी पुन्हा. ट्यूब मात्र गेली ती गेलीच.

‘क्षय’ म्हणून नोंदलेले, पण जंतू न सापडलेले ट्यूबचे जुने ब्लॉक मी आता कपाटातून काढायला सांगितले आहेत. ज्यांत इओसिनोफिल जास्त, ते आधी खोल कापायचे.