जुन्या केमार्टची मागची भिंत

केमार्ट ही अमेरिकेतली मोठ्या दुकानांची साखळी. तिचं जुनं दुकान आज गोदाम, जिम नाहीतर चर्च होऊन उभं असतं. त्या इमारतीत पूर्वी काय होतं, हे तिच्या खुणांवरून वाचता येतं. दर्शनी बाजूला नवा गिलावा चढलेला, तिथे हाती काही लागत नाही. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर मालक सहसा पैसा घालत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करावी.

सारख्या अंतरावर दहा-बारा फूट रुंदीचे बुजवलेले चौकोन दिसले, तर ते बहुधा ऑटो सेंटरचे, म्हणजे दुकानाला जोडलेल्या गाड्यांच्या दुरुस्ती केंद्राचे गाळे. शटर काढून भरलेल्या जागेत नवे ब्लॉक जुन्यांत गुंफलेले नसतात; दोन्ही कडांना सांधा वरपासून खालपर्यंत सरळ जातो. वर लिंटेलचं, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचं लोखंड तसंच राहतं आणि रंगातून गंज फुटतो. मालाच्या धक्क्याशी गल्लत होते, पण धक्क्याचं दार साधारण चार फूट उंचावर असतं, गाडीचा गाळा जमिनीलगत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ही केंद्रं पेन्स्के ही कंपनी चालवत होती. जानेवारी २००२ मध्ये केमार्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ही केंद्रं बंद झाली. त्यामुळे बांधकाम परवाने २००२ पासून पुढे चाळावेत.

आत गेलात तर काँक्रीटमधली ठिगळं बघा. गाड्या उचलायच्या लिफ्टचे जमिनीत पुरलेले सिलिंडर काढून भराव नीट दाबला नसेल तर तो खचतो आणि ठिगळाच्या कडेने तडा जातो. भूमिगत टाक्यांच्या सरकारी नोंदवहीत इमारतीचा पत्ता नाही म्हणून निश्चिंत होऊ नका: लिफ्टच्या हायड्रॉलिक तेलाच्या टाक्या केंद्रीय नियमांतून वगळलेल्या आहेत. नोंद नसली तरी तेल मुरलेलं असू शकतं.

वाढवलेलं दुकान खांबांवरून कळतं. जिथे दोन खांब खेटून उभे आणि फरशीत सलग सांधा, तिथे बहुधा जुनी बाहेरची भिंत होती. काही केमार्टना लागून केमार्ट फूड हे किराणा दुकान असे. तिथे फ्रीजच्या पाण्याचे निचरे ओळीने सापडतात. नऊ इंची फरशी मात्र उचकटू नका, तिच्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट.

शेवटी काउंटी असेसरचं, म्हणजे करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचं प्रॉपर्टी कार्ड. त्यावरच्या आराखड्यात वाढीव भाग बहुधा वेगळे दाखवलेले असतात. त्यावरचं ‘इफेक्टिव्ह इयर’ मात्र बांधकामाचं वर्ष नव्हे; डागडुजी झाली की मूल्यांकन करणारा ते पुढे सरकवतो. हवाई छायाचित्रांशी ताळा घालताना बांधकामाचं मूळ वर्षच घ्यावं.