तुम्ही विचारलंत म्हणून: वडशाला खोली कशाला?

नागपूरच्या मावशीपासून पुण्यात भेटलेल्या नाटकवाल्यांपर्यंत सगळे मला एकच विचारतात. नागपुरात स्वतःचं घर असताना दिवाळी ते होळी तू वडशाला भाड्याच्या खोलीत का राहतेस? आणि तुमची नाटक कंपनी तरी त्या आडगावात काय करते?

अर्धं उत्तर नकाशात आहे. वडसा, कागदोपत्री देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात. पण वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. एकीकडे भंडाऱ्याचं लाखांदूर, दुसरीकडे गोंदियाचं अर्जुनी मोरगाव. शिवाय रेल्वे आहे. चारही जिल्ह्यांतली, गावोगावच्या नाट्यमंडळांची माणसं सकाळी निघतात, कंपन्यांच्या पाट्या बघत फिरतात, घासाघीस करून विसार देतात आणि संध्याकाळी घरी पोचतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात, आधी गाव नाटकाकडे येतं, मग नाटक गावाकडे जातं. नागपूरला ऑफिस थाटलं तर तिथवर कोण येणार?

उरलेलं अर्धं उत्तर गावात गेल्याशिवाय कळत नाही. धान घरात आलं, भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. गावातल्या लेकी-जावयांना, सोयऱ्यांना आवतण जातं. घरात पाहुणे वीस आणि पांघरुणं सहा, मग रात्रभर नाटक हवंच! दहा-अकराला पडदा उघडतो आणि आम्ही उजाडेपर्यंत गातो, रडतो, मरतो. मुलगी बघण्याचे कार्यक्रमही त्याच पाहुणचारात उरकतात. म्हणजे आमच्या नाटकाच्या निमित्ताने गाव आपली नाती तपासून घेतं. शहरातलं थिएटर आवडत नाही असं नाही, पण तिथे प्रेक्षक नाटक बघून घरी जातो. इथे नाटकच त्याच्या घरी आलेलं असतं.

लाखांदूरकडच्या एका गावात आम्ही सलग सहा वर्षं जातोय. रंगायला खोली नसते, एका घराची ओसरी मिळते. एका बाजूला धानाची पोती, दुसऱ्या बाजूला आमच्या पेट्या. मी भुवया काढत असताना त्या घरची मुलगी मोबाइलचा उजेड धरते. पहिल्या वर्षी तिचा हात थरथरायचा. आता ती मलाच सांगते, "बाई, डावी जाड झाली."

तिची आजी दारात बसून असते. एकदा गेल्या गेल्या म्हणाली, "मांगच्या साली तुमी मेल्या ना, तं मी दोन दिवस जेवली नाई. यंदा मरू नका." त्या साली माझी भूमिका विनोदी होती, नशीब.

तालमींचं मात्र विचारू नका. एका हंगामात इतकी नाटकं, इतक्या तारखा, की खरा आधार प्रॉम्प्टरचा. एकदा पहाटे तीनला त्याचा डोळा लागला. मी तेच कडवं दुसऱ्यांदा गायले, ऑर्गनवाल्यानं ओळखून सूर लांबवला, तेवढ्यात कुणीतरी त्याला हलवलं. प्रेक्षकांनी त्या कडव्याला वन्समोअर दिला! म्हणजे तिसऱ्यांदा गावं लागलं.

2023 साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या लोकांनी मला फोन करकरून झाडीपट्टी म्हणजे काय ते विचारलं. आनंद झाला, थोडा रागही आला. माणूस आयुष्यभर रंगमंचावर उभा होता, दिल्लीनं हाक मारल्यावर दिसला.

गेल्या हंगामात त्या घरी गेले तेव्हा आजी नव्हती. दारातली जागा तशीच रिकामी ठेवलेली. त्या रात्री मला नाटकात मरायचं होतं. रंगताना मुलीनं हळूच विचारलं, "शेवट बदलता येतो का?" मी प्रॉम्प्टरला सांगितलं. पहाटे पाचला, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी जिवंत राहिले.