एकटीने दिवसभर कयाक: नदीच्या काठाकाठाने

खूप दिवस मनात होतं की एकदा एकटीनेच कयाक घेऊन नदीत जायचं, बरोबर कोणी नको, घाई नको. परवा जमलं. सकाळी सव्वासहाला पाण्यात उतरले, वारा अजिबात नव्हता, पॅडलवरून गळणाऱ्या थेंबांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, आणि तेवढ्यासाठी लवकर उठणं वसूल झालं.

एकटं जाणार असाल तर माझं एकच म्हणणं आहे, आधी प्रवाहाच्या उलट जा. संथ पाण्यात साधारण माणूस तासाला ४-५ किमी वल्हवतो, पाण्याला २ किमीचा वेग असला तरी वर जाताना त्यातले २-३ किमीच उरतात, म्हणजे दमायचं ते काम सकाळी ताकद असताना होऊन जातं. मी काठाला धरूनच गेले कारण तिथे ओढ कमी असते, आणि वळणावर नेहमी आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं. एक खंड्या बराच वेळ पुढे पुढे उडत होता, मी जवळ गेले की पुढच्या फांदीवर, आणि मग एकदम माझ्या डोक्यावरून वळून मागे गेला, त्याची हद्द बहुतेक तिथेच संपत असावी. मी पॅडल मांडीवर ठेवून नुसती बसले, किती वेळ ते बघितलंच नाही.

उलट जाण्याचा दुसरा फायदा वाटेत कळला. एका वळणावर झाड उन्मळून पाण्यात आडवं पडलं होतं. असल्या झाडातून पाणी आरपार जातं पण बोट आणि माणूस फांद्यांत अडकतो, संथ नदीतही सगळ्यात भीती याचीच. वर जाताना प्रवाह तुम्हाला त्याच्यापासून लांब ढकलतो, येताना मात्र थेट त्याच्यावर नेतो. जागा माहीत होती म्हणून परतताना खूप आधीच पलीकडच्या काठाला गेले. बोट आडवी होऊन टेकलीच तर अंग झाडाच्या बाजूला झुकवायचं, घाबरून उलट्या बाजूला झुकलात तर पाणी बोटीत चढतं आणि ती उलटते.

७ किमीवरून परत फिरले, वाटलं सव्वा तासात पोचेन, पण दुपारी समोरून वारा सुटला आणि दोन तास गेले. हात भरून आले. मग ज्या काठाला दाट झाडं होती त्याच्या आडोशाने आले, फरक लगेच जाणवला. वल्हवताना हाताने ओढू नका, कमरेतून वळा, आणि पॅडल घट्ट आवळू नका, नाहीतर मनगटं दुखतात.

लाईफ जॅकेट अंगात आणि बंद केलेलं हवं, बोटीत ठेवलेलं उपयोगाचं नाही. शिट्टी त्यालाच बांधा, तीन वेळा वाजवली की मदत हवी असा अर्थ होतो. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर ठेवा, कारण बोट सुटून गेली तर फोनपण गेला. कुठून निघणार, किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी सांगून ठेवा. उलटलात तर बोट सोडू नका, आणि प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला, बोटीच्या मागे राहा, बोटीच्या पुढे राहिलात तर बोट आणि दगडाच्या मध्ये चेंगराल. याचा सराव आधी कोणाबरोबर तरी काठाजवळ केलेला असावा, मी केला होता म्हणूनच एकटी गेले.

आणि उतरताना एकदम उभं राहू नका, पाय आखडलेले असतात. बोट काठाला समांतर लावा, दोन्ही पाय बाहेर टाका, मिनिटभर तसंच बसा आणि मग उठा.