धूळ उठते तिथेच धरायची: आमची वाटचाल

कारखान्यांची धूळ आणि धूर पकडणारी यंत्रं बनवायला 2004 साली गोव्यातल्या डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत शेड भाड्याने घेतली, तेव्हा आत एक हातरहाटाचं रोलिंग मशीन, दोन वेल्डिंग सेट आणि मेस्त. मेस्त माझे पहिले भागीदार. कागदावर चार आण्यांचे, कामात बारा आण्यांचे. 3 एमएमचा पत्रा वाकवून ते सायक्लोनचा, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या यंत्राचा, शंकूसारखा कोन जोडायचे आणि शिवण झाली की ब्लोअर चालू करून तिच्यावर पेटती उदबत्ती धरायचे. धुराची रेघ सरळ वर गेली तर काम पास. कुठे आत ओढली गेली तर खडूने खूण, आणि पुन्हा वेल्डिंग. आमच्या शेडमधून बाहेर पडलेला एकही सायक्लोन उदबत्तीशिवाय गेलेला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

सुरुवातीची कामं खाणींची होती. स्क्रीनिंग प्लांटच्या कन्व्हेयरला झाकणं, जिथे खनिज एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतं तिथे पाण्याचे फवारे. डिचोली, सांखळी, उसगाव या पट्ट्यात तेव्हा ट्रकांची रांग तुटत नसे. काम भरपूर होतं, ती वर्षं कशी गेली कळलंच नाही.

त्याच काळात वाळपईकडचे काका भेटले. त्यांची काजूची फॅक्टरी, आणि बॉयलरला जळण काजूच्या टरफलांचं. टरफलात तेल असतं, म्हणून धूर काळा आणि चिकट. शेजाऱ्यांची तक्रार झाल्यावर कोणीतरी त्यांना बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवा गाळणारं यंत्र, घ्यायला सांगितलं होतं. मी बॉयलरसमोर तासभर उभा राहिलो. माणूस अर्ध्या तासाने येऊन घमेलीच्या घमेली टरफलं एकदम आत ढकलत होता, आग दबत होती आणि चिमणीतून काळा लोट निघत होता. मी काकांना म्हटलं, ‘‘बॅग फिल्टर घेऊ नका. हा चिकट धूर बॅगांना डांबरासारखा बसेल, पंधरा दिवसांत सगळं बंद पडेल.’’ तेल काढलेली टरफलं जाळायची, थोडी थोडी टाकायची, आगीच्या वर जादा हवा देणारा एक छोटा पंखा बसवायचा आणि मागे एक सायक्लोन. त्यांनी ठरवलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यात काम झालं. मेस्त म्हणाले, ‘‘मोठं बिल आपणच घालवलंत.’’ पण काका त्यानंतर कधी दुसऱ्याकडे गेले नाहीत.

मग 2012 चा सप्टेंबर. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, 10 सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बेकायदा खाणकामाची बाजू मला घ्यायची नाही. पण आमची निम्म्याहून जास्त येणी तिथे अडकली होती आणि फोन उचलायला कोणी नव्हतं.

अशा वेळी फोंडा तालुक्यातल्या एका लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याचं काम आलं. नाव लिहीत नाही. इंडक्शन भट्ट्या, धूर अगदी बारीक. तासाला 30,000 घनमीटर हवा ओढायची होती, म्हणजे मिनिटाला 500. अशा बारीक धुराला मिनिटाला एक घनमीटर हवेमागे एक चौरस मीटर कापड द्यावंच लागतं. 160 एमएम व्यासाची, 3.6 मीटर लांबीची बॅग घेतली तर एकीत 1.8 चौरस मीटर कापड बसतं. मी 280 बॅगांचा दर दिला. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने त्याच कामाला 144 बॅगा लिहिल्या. अर्थात त्यांचा आकडा खूप खाली होता. फिल्टर त्यांना मिळाला, हूड (भट्टीवरचा धूर ओढून घेणारा टोप) आणि डक्ट (तो धूर फिल्टरपर्यंत नेणारी नळी) आम्हाला. 144 बॅगांवर ही हवा टाकणं म्हणजे चार माणसांच्या होडीत आठ बसवणं, हे मी खरेदी विभागाला तोंडी सांगितलं, लेखी दिलं नाही. ती माझी चूक, ती मी मान्य करतो.

मेस्तांनी त्यांचा फिल्टर बघितला. वरच्या झाकणाची गॅस्केट पातळ, कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी काढणारा ड्रायर नाही. एवढंच म्हणाले, ‘‘पात्रांव, पावस येवंक दियात, मागीर पळयात.’’ म्हणजे, मालक, पाऊस येऊ द्या, मग बघा.

मार्च 2013 मध्ये सगळं चालू झालं. आमच्या डक्टमध्ये पिटो ट्यूब घालून मी वेग मोजला, सेकंदाला 18.5 मीटर. कागदावर त्यांच्या इंजिनिअरची सही घेतली. ही सही पुढे आमच्या कामी आली.

जूनमध्ये पाऊस लागला. बॅगांवरची धूळ झटकायला सोडतात त्या पल्सच्या हवेबरोबर कॉम्प्रेसरचं पाणी बॅगांत शिरू लागलं, झाकणातून गळती वेगळी. कापडावर धुळीचा चिखल झाला. बॅगांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या यू-ट्यूबमधलं पाणी 100 ते 150 एमएमच्या आत राहायला हवं, ते 280 वर गेलं. हूडची ओढ मेली, धूर शेडमध्ये पसरला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली. आणि त्या मोठ्या कंपनीच्या माणसाने बैठकीत सांगितलं की डक्ट गळतो आहे. सूट घातलेला माणूस होता, आम्ही चपला घालून बसलो होतो. आमचं 11 लाखांचं बिल थांबलं.

मी त्याच डक्टमध्ये, त्याच भोकातून पुन्हा मोजलं. 7 मीटर. मेस्तांनी डक्टच्या सगळ्या जोडांवर, फ्लँजवर, उदबत्ती फिरवून दाखवली, रेघ कुठेही वाकली नाही. मार्चचा कागद समोर ठेवला. तरी निकाल लागायला चौदा महिने गेले. मेस्तांनी सहा महिने पगार घेतला नाही. काका एका सकाळी शेडमध्ये आले, पुढच्या वर्षीच्या सायक्लोनचे पैसे टेबलावर ठेवले आणि चहा पिऊन गेले. त्या पैशांवर शेडमधल्या मुलांचे पगार झाले.

शेवटी कारखान्याने 140 बॅगांचा दुसरा कप्पा जोडला. 144 आणि 140, बेरीज 284. मी 280 सांगितल्या होत्या. तो दुसरा कप्पाही त्याच कंपनीला मिळाला. आमच्या बिलातून दोन लाख ‘डक्टमधील दोष’ म्हणून कापले, आणि तो शेरा आजतागायत कोणी मागे घेतलेला नाही.

त्यानंतर आजवरची वर्षं नीट चालली.

आता थोडं मनातलं. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या 2024 च्या आढाव्यानुसार त्यातला बहुतेक पैसा रस्त्यांच्या धुळीवर गेला, उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. रस्ते झाडावेत, पाणी मारावं, मी नको म्हणत नाही. पण औद्योगिक शहराची हवा सुधारायची तर कारखान्याच्या शेडमध्ये शिरावं लागतं. सुरतेत 2019 पासून कारखान्यांच्या धुळीचा एकूण कोटा ठरवून त्याचे परवाने आपसात विकायला मुभा दिली. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवली. ज्याला धूळ रोखणं स्वस्त पडतं तो जास्त रोखतो आणि उरलेला परवाना विकतो. योजनेबाहेरच्या कारखान्यांच्या तुलनेत त्या कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली, तीही कमी खर्चात. मोजणारी यंत्रं योजनेबाहेरच्या कारखान्यांवरही होती, म्हणजे नुसत्या मोजण्याने हे झालं नाही. यामागचं कारण आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळेल: धूळ रोखण्यात पैसा दिसू लागला.

नवीन पोरांना मी एवढंच सांगतो की यंत्राचा दर मागवण्याआधी धूळ उठते तिथून हूड किती अंतरावर आहे ते टेपने मोजा. अंतर दुप्पट झालं की तेवढीच ओढ मिळवायला जवळजवळ चौपट हवा लागते. त्याच डक्टमधून नुसती दुप्पट हवा न्यायची म्हटली तरी मोटर आठपट ताकद मागते, आणि ते विजेचं बिल मालक दर महिन्याला भरतो. हूड फूटभर खाली आणायला एका वेल्डरचा एक दिवस लागतो. यू-ट्यूबचा आकडा रोज सकाळी वहीत लिहा, आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, झाकणांची गॅस्केट बदला. ड्रायरशिवाय कॉम्प्रेसर गोव्यात चालवू नका.

मेस्त आता शेडमध्ये रोज येत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. काकांची फॅक्टरी त्यांची मुलगी बघते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, सायक्लोनचा खालचा कोन झिजून भोक पडलंय. 2006 चा माल आहे तो. सोमवारी मेस्तांना गाडीत घालून घेऊन जाणार आहे, उदबत्तीचा पुडा त्यांनी आजच आणून ठेवलाय.